गेमचे लीक आणि चोरीचे असेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम बनवणारी, थ्रीडी शिकणारी, मॉडिंगच्या (गेममध्ये हौसेने फेरबदल करण्याच्या) नादी लागलेली मराठी मंडळी साधारण हेच प्रश्न फिरवून फिरवून पाठवत असतात. नावं-गावं काढून ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याची कलमं भारतातली आहेत, उदाहरणं जिथे घडली तिथली. हातात नोटीस पडली असेल तर मात्र हे पान वाचत बसू नका, वकील गाठा.

१. ‘असेट’ म्हणजे नक्की काय काय? सोर्स कोड त्यात येतो का?

गेममध्ये दिसणारं, ऐकू येणारं आणि कुणीतरी बसून घडवलेलं सगळं: मॉडेल, टेक्स्चर, रिग, अ‍ॅनिमेशन, शेडर, आवाज, संगीत, फॉन्ट, नकाशे, संवाद. सोर्स कोडला कामाच्या बोलीत असेट म्हणत नाहीत. पण लीकमध्ये दोन्ही एकाच फोल्डरातून बाहेर पडतात, म्हणून इथे दोन्ही घेतले आहेत. कायदा कोडला जरा वेगळं वागवतो, त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

२. हा माल बाहेर पडतो तरी कुठून?

तीन वाटांनी, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली वाट म्हणजे कंपनीत घुसून केलेली चोरी. २००३ मध्ये एका जर्मन तरुणाने व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरून हाफ-लाइफ २ चा अपुरा सोर्स कोड उचलला आणि तो इंटरनेटवर पसरला. गेम त्या वर्षीच्या सप्टेंबरात यायचा होता, तो आला नोव्हेंबर २००४ मध्ये. कॅपकॉमच्या बाबतीत २०२० मध्ये अमेरिकेतल्या उपकंपनीत राखीव म्हणून ठेवलेलं एक जुनं व्हीपीएन यंत्र पुरेसं ठरलं. आतल्याच माणसाने माल बाहेर नेणं हीसुद्धा याच वाटेची एक फांदी (प्रश्न १७).

दुसरी वाट रिपिंगची. गेम रीतसर बाजारात आलेला असतो आणि कुणीतरी त्याच्या फाइली उकलून किंवा ग्राफिक्स कार्डाकडे जाणारा डेटा मधेच पकडून मॉडेलं बाहेर काढतं.

तिसरी वाट सगळ्यात साधी. युनिटी असेट स्टोअर किंवा फॅब या असेट विकणाऱ्या स्टोअरवरून एकाने पॅक विकत घेतला, झिप केला आणि ग्रुपवर टाकला. बातम्या होतात त्या पहिल्या वाटेच्या. तुमच्या-आमच्या हाताशी येतो तो माल बहुतेक तिसऱ्या वाटेचा.

३. एवढी मोठी चोरी करणाऱ्यांना त्यातून खरंच पैसे सुटतात का?

समजतात तेवढे नाही. जून २०२१ मधलं ईए या गेम कंपनीचं प्रकरण बघा. टोळीने चोरीची लॉगिन कुकी दहा डॉलरला विकत घेतली आणि तिच्या जोरावर कंपनीच्या स्लॅक या अंतर्गत चॅटमध्ये प्रवेश मिळवला. तिथून आयटी विभागाला कळवलं, “काल पार्टीत फोन हरवला, लॉगिनचा नवा टोकन द्या.” मिळाला! फिफा २१ चा सोर्स कोड आणि फ्रॉस्टबाइट इंजिन धरून सुमारे ७८० जीबी डेटा गेला. मग गिऱ्हाईक शोधलं, ते मिळेना. कंपनीकडे पैसे मागून पाहिले, तेही नाहीत. जुलैअखेर सगळं टोरंटवर फुकट.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सीडी प्रोजेक्टचं झालं. सायबरपंक २०७७, विचर ३ आणि ग्वेंट यांचा कोड चोरून लिलावात काढला. बोली दहा लाख डॉलरपासून, थेट उचलायचा तर सत्तर लाख. कंपनीने खंडणी द्यायला जाहीर नकार दिला होता. काही दिवसांत ‘बाहेरच्या बाहेर चांगली किंमत आली’ म्हणत चोरांनी लिलाव बंद केला. खरंच कुणी घेतलं की चेहरा वाचवायला केलेली ती घोषणा होती, यावर सुरक्षातज्ज्ञांनी तेव्हाच शंका घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये ऱ्हायसिडा टोळीने इन्सोम्नियाक स्टुडिओच्या डेटासाठी ५० बिटकॉइन मागितले, म्हणजे तेव्हाचे सुमारे २० लाख डॉलर. मुदत संपली आणि १.६७ टीबी, तेरा लाखांवर फाइली त्यांनी उघड्यावर टाकल्या. त्यात वुल्व्हरिनचा अर्धवट गेम होता.

गिऱ्हाईक का मिळत नाही, याचं उत्तर सोपं आहे. चोरीचं इंजिन समजून घेऊन वापरण्याची ताकद ज्या स्टुडिओंकडे असते, त्यांचे वकील त्यांना त्या फाइलीच्या आसपास फिरकू देत नाहीत. उरतात चीट बनवणारे आणि हौशी. या साखळीत नेमाने पैसा करतो तो शेवटचा किरकोळ विक्रेता, जो फुकट पडलेला डम्प (लीकमधल्या फाइलींचा ढीग) किंवा दुसऱ्याचा पॅक नवं कव्हर लावून विकतो. म्हणूनच पुढचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो.

४. टेलिग्रामवर ‘१०,००० प्रीमियम गेम असेट, ₹४९९, लाइफटाइम अ‍ॅक्सेस’ अशी जाहिरात आहे. घेऊ का?

नको. असा ढीग उपसला की आत काय निघतं ते ठरलेलं असतं: स्टोअरवरचे विकाऊ पॅक, त्यांतून निर्मात्याचं नाव आणि लायसन्सची फाइल काढलेली, मोठ्या गेममधून रिप केलेली पात्रं, आणि वजन वाढवायला टाकलेल्या, मुळातच फुकट मिळणाऱ्या गोष्टी. म्हणजे काही भाग चोरीचा आणि काही भाग तुम्हाला शून्य रुपयांत मिळाला असता. सोबत इन्स्टॉलर किंवा ‘अनलॉकर’ म्हणून चालवायची फाइल दिली असेल तर तिथेच थांबा. मॉडेलच्या फाइलीला इन्स्टॉलर लागत नाही.

पॅकच्या नावावर ‘कमर्शियल यूज अलाउड’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते लिहिणारा कोण आणि त्याला हा अधिकार कुणी दिला, एवढं विचारून बघा. मग एकतर तुम्ही त्याला ब्लॉक कराल किंवा तो तुम्हाला.

५. पण मी तर पैसे मोजलेत, चोरीचं आहे हे मला माहीतच नव्हतं. तरी दोष माझा?

असेट घेताना आपण फाइल विकत घेत नसतो, ती वापरायची परवानगी घेत असतो. विक्रेत्याकडे परवानगी देण्याचा हक्कच नसेल तर तुमच्याकडे पैसे दिल्याची पावती उरते, हक्क उरत नाही. मूळ निर्माता तुमच्या गेमवर टेकडाउन, म्हणजे तो काढून टाकायची नोटीस, पाठवू शकतो आणि ते योग्यच असेल.

फौजदारी बाजूला मात्र माहीत असणं-नसणं फार महत्त्वाचं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाबद्दल बोलतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ब चोरीचा डेटा अप्रामाणिकपणे घेणं किंवा बाळगणं याला गुन्हा ठरवतं, पण तो चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे किंवा तसं वाटायला कारण तरी असलं पाहिजे. आता दहा हजार असेट ४९९ रुपयांत मिळत असताना ‘कारण नव्हतं’ हे कोर्टात कितपत टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

६. मग स्वस्त असलं की चोरीचंच समजायचं का?

अजिबात नाही. हम्बल बंडल या साइटवर युनिटी आणि अनरियल या गेम इंजिनांचे पॅक अधूनमधून मातीमोल किमतीत येतात आणि ते पूर्ण रीतसर असतात. सॉनिस दरवर्षी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या सुमारास काही जीबी आवाज फुकट वाटतं. केनीचे पॅक आणि पॉली हेवनवरची टेक्स्चरं सीसी-झिरो आहेत, नाव द्यायचीही सक्ती नाही. किंमत बघू नका. निर्माता कोण ते दिसतंय का, लायसन्सचा मजकूर आहे का, तुमच्या नावाची पावती मिळते का, हे बघा.

७. अधिकृत स्टोअरवरून घेतलं की निर्धास्त ना?

बऱ्यापैकी. शंभर टक्के नाही. स्टोअरवर माल चढवणारे हजारो विक्रेते असतात आणि अधूनमधून कुणीतरी रिप केलेलं मॉडेल आपलं म्हणून चढवतोच. घेण्याआधी विक्रेत्याची बाकीची कामं पाहा. एकाच माणसाकडे जपानी अ‍ॅनिमे धाटणीची मुलगी, हुबेहूब लष्करी रणगाडा आणि कार्टून भाजीपाला, तिघांचीही टोपोलॉजी (पृष्ठभागाच्या जाळीची रचना) तीन तऱ्हेची, वायरफ्रेमचं (त्या जाळीचं) एकही चित्र नाही, खातं नवंकोरं: असं दिसलं की पुढे सरका. एखादं पात्र ‘कुठेतरी पाहिलंय’ असं वाटलं तर चित्रावरून उलटा शोध घ्या.

आणि पावती, त्या दिवशीचं लायसन्स, वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट हे प्रोजेक्टच्या फोल्डरातच ठेवा. पान पुढे गायब होतं, मग शोधाशोध. स्टोअरचे असेट वापरण्यात कमीपणा काही नाही. पबजीवर २०१८ मध्ये ‘असेट फ्लिप’, म्हणजे विकतचे असेट जोडून उभा केलेला गेम, म्हणून टीका झाली होती. विकत घेतलेले असेट वापरूनच लहान टीम मोठं काम करू शकते, असं गेमच्या कंपनीने उघड सांगितलं.

८. वापरणार नाही. लीक झालेला कोड किंवा मॉडेल फक्त शिकायला डाउनलोड केलं तर?

‘खासगी अभ्यासासाठी चालतं’ असं लोक सांगतात, ते अर्धं खरं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापर आणि संशोधनासाठी सूट देतं. पण त्याच वाक्यात संगणकीय प्रोग्राम वगळला आहे. म्हणजे कोडला ही सूट लागूच नाही. उलट कलम ६३ब प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हाच वेगळा गुन्हा मानतं. मॉडेल-टेक्स्चरला सूट मिळेल असा युक्तिवाद करता येईल, पण प्रश्न ५ मधलं ६६ब तिथेही आडवं येतं.

व्यवहारातलं कारण याहून मोठं आहे. एकदा तो कोड पाहिलात की त्याच विषयावर तुम्ही पुढे लिहिलेला प्रत्येक कोड संशयाच्या कक्षेत येतो. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइन प्रकल्पाचा नियमच आहे की मायक्रोसॉफ्टचा लीक झालेला कोड पाहिलेल्या माणसाचं योगदान घ्यायचं नाही. निन्टेन्डोचा २०२० मधला मोठा लीक, ज्याला लोक ‘गिगालीक’ म्हणतात, तो आला तेव्हा इम्युलेटर (एका यंत्राचे गेम दुसऱ्यावर चालवणारे प्रोग्राम) लिहिणाऱ्यांची पंचाईत हीच होती: बाकी जग सुपर मारियो ६४ मधल्या लुइजीच्या फाइली बघून नाचत होतं आणि यांना डोळे मिटून बसणं भाग होतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. डम्पमध्ये नुसता गेम नसतो. इन्सोम्नियाकच्या फाइलींत कर्मचाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रती होत्या. पोकेमॉन बनवणाऱ्या गेम फ्रीकने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केलं की आजी-माजी कर्मचारी आणि कंत्राटी लोकांच्या २,६०६ नोंदी गेल्या. ड्रॅगनची जुनी स्केचेस बघायला उघडलेल्या फोल्डरात कुणाच्या तरी घरचा पत्ता असतो.

९. लीकवर यूट्यूब व्हिडिओ किंवा पोस्ट करता येते का? सगळे तर करतात.

लीक झाला, त्यात काय असल्याचं सांगितलं जातं, कंपनी काय म्हणाली, हे सांगायला काहीच हरकत नाही. ती बातमी आहे आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनाला कलम ५२ मध्ये जागा आहे. मूळ क्लिपा सलग दाखवणं ही बातमी नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये जीटीए ६ च्या नव्वदेक क्लिपा बाहेर आल्या तेव्हा त्या चढवणाऱ्या चॅनलांवर धडाधड टेकडाउन आले. आणि डिस्क्रिप्शनमध्ये डाउनलोडची लिंक दिली की तुम्ही वार्ताहर उरत नाही, वाटप करणारे होता.

१०. तीस टक्के बदललं की ते आपलं होतं ना?

हा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. कुठून आला देव जाणे, पण प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी तो घेऊन येतोच. रंग बदलला, शिंगं लावली, पॉलीगॉन कमी केले, तरी ते मूळ कृतीवर बेतलेलंच काम राहतं आणि त्यालाही मूळ हक्कधारकाची परवानगी लागते. संदर्भ म्हणून पाहून स्वतः शून्यातून मॉडेल करणं वेगळं. त्यातही पात्र ओळखू येण्याइतकं तेच असेल तर विकू नका. टर्बोस्क्विडसारखी स्टोअर अशा मॉडेलांना ‘फक्त संपादकीय वापर’ असा शिक्का मारतात, म्हणजे गेममध्ये किंवा जाहिरातीत ती चालत नाहीत.

११. गेम मी विकत घेतलाय. त्यातलं पात्र काढून दुसऱ्या गेमच्या मॉडमध्ये घातलं तर?

त्याच गेमच्या मॉडमध्ये त्याच गेमचे असेट वापरायला बऱ्याच कंपन्या मुभा देतात, कधी कधी साधनंसुद्धा देतात. एका गेममधून दुसऱ्या गेममध्ये नेणं ही निराळी बाब आहे. नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटवर परवानगीशिवाय दुसऱ्या गेमचे असेट आणलेला मॉड चालत नाही, तो काढला जातो. तुमच्या संगणकावर तुम्ही एकट्याने खेळताय तोवर कुणी दार वाजवायला येणार नाही. पैसे घेऊन ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ मॉड विकायला लागलात की कंपनीचं लक्ष जातं, आणि मग ‘फॅन म्हणून केलं’ हे कुणी ऐकत नाही.

१२. कंपनी बंद पडली, गेम कुठेच मिळत नाही. त्याचे असेट तर मोकळे झाले असतील?

नाही. कंपनी बुडाली तरी हक्क बुडत नाहीत, ते कुणीतरी विकत घेतलेले असतात किंवा बँकेकडे पडून असतात. भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. व्हिडिओ गेमचा अख्खा इतिहास त्याहून फार मोठा नाही.

१३. कंपनीने स्वतःच फुकट दिलेले असेट कुठेही वापरता येतात का?

अट वाचल्याशिवाय नाही. एपिकने आपला पॅरागॉन हा गेम बंद करताना, मार्च २०१८ मध्ये, त्याचे १.२ कोटी डॉलर खर्चून केलेले असेट सगळ्यांना खुले केले. अट एकच होती: अनरियल इंजिनमध्येच वापरायचे. ते युनिटीत उचलून नेणारे आणि वर ‘फुकट पॅक’ म्हणून परत विकणारे, दोघेही चुकले. फुकट म्हणजे किंमत शून्य, अटी शून्य नव्हेत. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही ‘बीवाय’ असेल तर नाव द्यावं लागतं आणि ‘एनसी’ असेल तर विकाऊ गेममध्ये चालत नाही. जाहिराती लावलेला फुकट गेम हाही धंदाच धरा.

१४. आम्ही चौघं मिळून गेम करतोय. एकाच्या अकाउंटवर घेतलेला पॅक सगळ्यांनी वापरला तर?

स्टोअरप्रमाणे उत्तर बदलतं. युनिटीच्या स्टोअरवर एडिटरची साधनं, म्हणजे एक्स्टेन्शन, माणशी एक सीट घ्यावी लागते. मॉडेल-टेक्स्चरचं तसं नसतं, पण खरेदी कुणाच्या नावावर आहे हे महत्त्वाचं. चौघांची भागीदारी किंवा कंपनी असेल तर खरेदी तिच्या नावावर करा. एकाने स्वतःच्या नावावर घेतलं आणि प्रकल्पाच्या मध्यात भांडून निघून गेला, तर लायसन्स त्याच्याबरोबर जातं. हे फार वेळा होतं. आणि गेमचा प्रोजेक्ट सार्वजनिक रेपॉझिटरीत ठेवताना विकत घेतलेले असेट त्यातून वगळा, नाहीतर नकळत तुम्हीच तिसऱ्या वाटेवर (प्रश्न २) उभे असता.

१५. पुण्याच्या स्टुडिओत एका परदेशी गेमसाठी काम केलं. माझी मॉडेलं पोर्टफोलिओत टाकू शकतो का?

पुणे-मुंबईत परदेशी गेमांचं बरंच आर्टवर्क होतं, त्यामुळे हा प्रश्न मराठी आर्टिस्टांचा हक्काचा आहे. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, कलम १७ प्रमाणे, मालक कंपनी असते. वर एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, असतो. गेम बाजारात येईपर्यंत काहीही टाकू नका. आल्यावर लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी रेंडर टाकायला होकार मिळतो, मूळ फाइल द्यायला कधीच नाही. ‘पासवर्ड लावलेल्या पानावर ठेवतो, फक्त मुलाखतीत दाखवतो’ हेही एनडीएचं उल्लंघनच आहे. आणि ज्या लीडसमोर ते दाखवाल, त्याच्या मनात पहिला विचार येतो की उद्या हा आमचंही असंच दाखवेल.

१६. मी फ्रीलान्सर आहे. क्लायंटने पैसे बुडवले. तेच मॉडेल मी स्टोअरवर विकू का?

इथे कायदा तुमच्या बाजूला बऱ्यापैकी आहे. तुम्ही नोकर नसाल तर हक्क आपोआप क्लायंटकडे जात नाहीत. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि तुमच्या सहीचं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके डन’ म्हणजे हस्तांतर नव्हे.

पण तीन खाचा आहेत. एक, पैसे देऊन करून घेतलेलं चित्र, छायाचित्र किंवा चित्रफीत यांना कलम १७ मध्ये वेगळा नियम आहे, तिथे उलट करार नसेल तर हक्क करून घेणाऱ्याकडे जातो. मॉडेल त्यात बसत नाही असं म्हणता येईल, पण कॉन्सेप्ट पेंटिंगबद्दल वाद होऊ शकतो. दोन, पात्राची कल्पना आणि डिझाइन क्लायंटचं असेल तर मॉडेल तुमचं असूनही ते पात्र तुम्हाला विकता येत नाही. दगड, झाडं, खुर्च्या विका. त्यांचा नायक नको. तीन, सही केलेल्या करारात ‘काम सुपूर्द होताच हक्क आमचे’ असं वाक्य असेल तर बुडालेल्या पैशांसाठी वेगळी वसुली करावी लागते, मॉडेल विकून ती होत नाही. पुढच्या करारात एकच बदल करून घ्या: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील.’

१७. नोकरी सोडून स्वतःचा गेम काढला. जुन्या कंपनीचा एकही असेट वापरला नाही. तरी अडकू शकतो?

हो. दक्षिण कोरियातलं डार्क अँड डार्कर प्रकरण यासाठी समजून घ्यावं. नेक्सॉनमध्ये ‘पी३’ नावाचा प्रकल्प चालू होता. त्यातली काही मंडळी बाहेर पडली, आयर्नमेस नावाचा स्टुडिओ काढला आणि डार्क अँड डार्कर बनवला. नेक्सॉनचं म्हणणं, आमच्या फाइली नेल्या. आयर्नमेसचं म्हणणं, असेट आम्ही स्वतः बनवले किंवा मार्केटप्लेसवरून घेतले. मार्च २०२३ मध्ये स्टुडिओवर पोलिसांची धाड पडली आणि गेम स्टीम या गेमच्या स्टोअरवरून गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या जिल्हा न्यायालयाने दिलेला निकाल दोन्हीकडून बोलका आहे: कॉपीराइटचा भंग झालेला नाही, पण व्यापारी गुपितांचा झाला. भरपाई ८.५ अब्ज वॉन.

म्हणजे पडद्यावर चोरीचा एक पिक्सेलही नसला तरी प्रश्न उरतोच: तुमच्या घरच्या ड्राइव्हवर जुन्या कंपनीची डिझाइन कागदपत्रं का आहेत? भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही, इथे सगळं करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वांवर चालतं. नोकरी सोडायच्या आठवड्यात कंपनीच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या ड्राइव्हवर ‘आठवण म्हणून’ काहीही घेऊ नका. तो लॉग सगळ्यात आधी काढला जातो.

१८. माझं मॉडेल कुणीतरी भलत्याच नावाने विकतंय. काय करू?

आधी पुरावा, मग तक्रार. भांडण तर नकोच, कारण कमेंटमध्ये भांडलात की विक्रेता पान उडवतो आणि आठवड्याने दुसऱ्या नावाने उगवतो. पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट, लिंक, विक्रेत्याचं नाव, किंमत. तुमच्याकडची मूळ ब्लेंडर किंवा माया फाइल, अधलेमधले सेव्ह, वायरफ्रेम, यूव्हीची मांडणी (टेक्स्चर मॉडेलवर कसं बसतं त्याचा नकाशा). हुबेहूब तीच यूव्ही हा जवळपास निर्णायक पुरावा असतो. कॉपीराइटची नोंदणी नसली तरी हक्क असतो. नोंदणी असेल तर कोर्टात सोपं जातं इतकंच.

स्टोअर अमेरिकी असेल तर डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखालची नोटीस पाठवा, त्यासाठी वकील लागत नाही. स्टोअरच्या पानावर फॉर्म असतो. समोरच्याने प्रतिनोटीस दिली तर तुम्ही दावा दाखल केला नाही तर १० ते १४ कामकाजी दिवसांत माल परत दिसू लागतो, हे लक्षात ठेवा. नोटिशीत खोटं विधान केलंत तर ते तुमच्यावर उलटतं, म्हणून नुसतं ‘सारखं दिसतं’ यावर पाठवू नका.

टेलिग्रामवरचा विक्रेता सापडत नाही असा समज आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोचिंगचं साहित्य चोरून विकणाऱ्या चॅनलांच्या चालकांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितलं आणि टेलिग्रामला ती बंद पाकिटात द्यावी लागली. विक्रेता अज्ञात असला तरी ‘अशोक कुमार’ या नावाने आदेश घेता येतो. आपल्या कोर्टांत अनोळखी प्रतिवादीला हेच नाव देतात. एका खुर्चीच्या मॉडेलसाठी हे कुणी करणार नाही, मान्य. पूर्ण पॅक गेला असेल आणि विक्री खरंच बसली असेल तर विचार करा.

१९. मॉडेल रिप होऊच नये असा काही उपाय?

नाही. स्क्रीनवर दिसायचं तर ते खेळणाऱ्याच्या संगणकावर पोहोचायलाच हवं आणि पोहोचलं की काढता येतं. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात २००६ साली कॉपीबॉट नावाचं साधन आलं तेव्हा तिथल्या कपडे-दागिने विकणाऱ्यांनी निषेध म्हणून आपली आभासी दुकानं बंद ठेवली होती. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने त्या साधनाच्या वापरावर बंदी आणली, पण कॉपी करण्याची शक्यता कुणाला मिटवता आली नाही. व्हीआरचॅटवरचे अवतार आजही याच दुखण्याने हैराण आहेत. फाइली एन्क्रिप्ट केल्या तर हौशी लोक थांबतात, मुरलेले नाही. मूळ हाय-पॉली (सगळे बारीक तपशील असलेली) फाइल कधीच बाहेर देऊ नका आणि मॉडेलच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या ठिकाणी, स्वतःची खूण ठेवा. रोखायला नाही, प्रश्न १८ मध्ये लागणाऱ्या पुराव्याला.

२०. पकडले गेले तर शिक्षा किती?

भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कंपनीच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरून डेटा उतरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बाहेर काय झालं? हाफ-लाइफ २ वाल्या जर्मन तरुणाला व्हॉल्व्हने नोकरीच्या मुलाखतीचं आमिष दाखवून अमेरिकेत बोलवायचा घाट घातला होता. त्याआधीच जर्मन पोलिसांनी त्याला उचललं, आणि शेवटी दोन वर्षांच्या परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) तो सुटला. जीटीए ६ च्या लीकमागचा ऑक्सफर्डचा किशोरवयीन मुलगा जामिनावर असताना हॉटेलात राहत होता. लॅपटॉप काढून घेतला होता, तर त्याने खोलीतला टीव्ही, फायर स्टिक आणि मोबाइल यांवरून रॉकस्टारमध्ये शिरकाव केला. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. पुढचं सांगत नाहीत: तो खटल्याला उभा राहण्याच्या मानसिक स्थितीत नाही असं डॉक्टरांनी ठरवलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्याला बेमुदत सुरक्षित रुग्णालयात पाठवलं.

२१. गेम बाजारात आलाय आणि आता कळलं की त्यात एक चोरीचा असेट आहे. गपचूप अपडेट करून काढून टाकू?

काढा, आजच काढा. पण गपचूप नको. जुन्या आवृत्तीची व्हिडिओ आणि फाइली लोकांकडे राहतातच. पावती आणि स्क्रीनशॉट (प्रश्न ७) जमवा, ज्या स्टोअरवरून घेतलं त्याला कळवा, परतावा मागा. मूळ निर्माता सापडत असेल तर स्वतःहून दोन ओळी लिहा: कुठून घेतलं, कधी काढलं, हवं तर लायसन्स विकत घ्यायची तयारी आहे. बहुतेक निर्माते एकटे बसून काम करणारे असतात. तुमच्याकडे पावती आहे हे दिसलं की त्यांचा राग विक्रेत्यावर वळतो आणि बऱ्याचदा रास्त किमतीत प्रकरण मिटतं. असेट टीममधल्याच कुणी टेलिग्रामवरून आणला असेल तर त्याने आणखी काय काय आणलंय ते आधी पाहा. एकच असण्याची शक्यता कमी.

२२. लीकचा माल विकणारा मला माहीत आहे. कळवायचं कुणाला? माझं नाव येईल का?

ज्या स्टुडिओचा माल आहे त्याच्या वेबसाइटवर सुरक्षा किंवा कायदा विभागाचा ईमेल असतो, तिथे चॅनलची लिंक आणि स्क्रीनशॉट पाठवा. नाव न देताही चालतं. पैसे देऊन फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा १९३० वर तक्रार करा. तिथे नाव द्यावं लागतं. खात्री करायला म्हणून नमुना डाउनलोड करू नका, विकत तर घेऊच नका. लिंक पुरेशी असते.